बिनमोरीचं घर

सोलापूर, बुधवार

बजे, सगळ्यात आधी आला तो नंदीश. टाइल्सवाला. हातात टेप, काखेत तीन टाइल्स. चहा घे म्हटलं तर नको म्हणाला आणि सरळ गुडघ्यावर बसून माझी खोली मोजायला लागला. त्याच्या मागोमाग शेजारची रुक्साना आली टाइल्स बघायला (बोलावलं नव्हतं, पण तिच्या घरी कुणी टेप घेऊन शिरलं असतं तर मी पण गेलेच असते की). मग प्रदीप चिंचोळीच्या कंपनीतून अर्धी रजा टाकून आला, आणि तेव्हा मला कळलं ही मोजणी कशाची. आपली शहाबादी फरशी उखडायची! मिस्त्रींनी, प्रदीपच्या बापानं, स्वतःच्या हातानं बसवलेली, तू आणि मी घासून घासून गुळगुळीत केलेली. तिच्या जागी म्हणे चकचकीत टाइल्स. माझ्याच पोरानं मला न विचारता ठरवलं, आणि तीन टाइल्स भिंतीला टेकवून मला म्हणतो, "आई, यातली कुठली आवडती सांग." म्हणजे दात उपटायचं आधीच ठरलंय, चिमटा कुठला ते तेवढं मला विचारायचं.

अगं, रागाच्या भरात जय भीम घालायचा राहिलाच. बजाबाईस मुक्ताबाईचा जय भीम. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं हे कळलं, लई आनंद झाला. थेंब घालतेस का वेळेवर, का बाटली उशाशी ठेवून नुसती बघतेस? निदान महिनाभर चुलीपुढं बसू नकोस. मोहोळात ऊन आमच्यापेक्षा जास्त का कमी ते कळव. पत्र वाचून दाखवणाऱ्या तुझ्या नातीला, बुद्धप्रियेला, अनेक आशीर्वाद (पोरी, कंटाळून मधलं गाळू नकोस, मला मागनं कळतं). फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी बोललेलं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई सांगायच्या, बोलताना हाय म्हणा, लिहिताना आहे लिहा. म्हणून मी आहे लिहिते. तू हाय ऐक.

तर टाइल्स कशापायी, तर आमची मनाली, प्रदीपची लेक, डिसेंबरात येणार आहे डब्लिनहून, बाळाला घेऊन. बाळ आता रांगायला लागलंय. प्रदीपचं म्हणणं, शहाबादी काळपट दिसते, बाळाचे गुडघे सोलतील, आणि मनालीला तिकडच्या घराची सवय. बजे, तिकडचं घर मी बघून आले आहे. चार महिने राहून आले, मनालीच्या बाळंतपणाला. प्रदीपनं ते घर फक्त फोनमध्ये बघितलंय आणि फोनमध्ये काय, सगळंच गुळगुळीत दिसतं.

बिल्डिंग नवी कोरी. दारातनं आत गेले आणि चपला काढल्या, तर पायाखाली लाकूड. मी म्हटलं, वा, पोरीनं सागवान घातलंय! दोन पावलं टाकली तर कुर्रर्र. मी खाली वाकून बोटानं ठोकलं. आपण दोघींनी आयुष्यभर घमेली वाहिली, ठोकल्यावर आवाज आपल्याला कळतो. पोकळ! मनालीचा नवरा धम्मदीप, गुणी पोरगा, म्हणाला, आजी ते खरं लाकूड नाही, लॅमिनेट आहे. वर लाकडाचा फोटो असतो आणि खाली दाबलेला भुसा. बजे, भुशावर लाकडाचा फोटो! आपण भुसा म्हशीला घालायचो. आणि त्या फरशीचं कुरकुरणं म्हणजे काय सांगू, बाळ कसंबसं झोपवावं आणि पाणी प्यायला उठावं, की कुर्रर्र, बाळ जागं. महिन्याभरात मला कुठली पट्टी गप्प बसते ते पाठ झालं, आणि मी या वयात हॉलमधनं लंगडी खेळत स्वयंपाकघरात जायला लागले. एकदा धम्मदीपच्या मित्रानं ते बघितलं आणि आजींना गुडघ्याचा काही त्रास आहे का म्हणून इंग्रजीत विचारलं.

नळाचं तर विचारूच नकोस. हात धुवायच्या भांड्याला दोन नळ, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक. एकातनं उकळतं पाणी, दुसऱ्यातनं बर्फ. मधलं काही नाही. उजवा हात मे महिन्यात, डावा हात जानेवारीत. बाथरूमचा दिवा लावायला छतातनं दोरी लोंबते, आणि तिच्या शेजारी तसलीच दुसरी दोरी, ती गरम पाण्याची. मी चार महिने अंधारात गरम पाण्यानं नाहीतर उजेडात गार पाण्यानं अंघोळ केली. वर नळ गळायला लागला म्हणून मालकाच्या ऑफिसात कळवलं तर नवव्या दिवशी एक माणूस आला. लई उंच, लई सभ्य. बूट काढून आत आला, नळाकडं बघितलं, फोटो काढला आणि गेला. मी म्हटलं, दुरुस्त? धम्मदीप म्हणाला, हा बघणारा आजी, करणारा वेगळा असतो. करणारा माझ्या परतीच्या विमानापर्यंत आला नाही. आपला सोहेब प्लंबर बघ, हाक मारली की चप्पल न घालता येतो. (अर्धं काम टाकून जातो ते खरं. पण येतो तर!)

पण हे सगळं मी सोसलं असतं बजे. जे सोसवलं नाही ते म्हणजे त्या घराला मोरी नाही. बाथरूमला मोरी नाही! चारी कोपरे शोध, कमोडच्या मागं शोध, जमिनीत एक भोक नाही. अंघोळ करायची ती एका लांब डोणीत उभं राहून, पडदा ओढून, आणि चार थेंब बाहेर सांडले तर टॉवेलनं पुसायचे. मिस्त्रींनी हे बघितलं असतं तर थापी टाकून बाहेर बसले असते. त्यांची रीत तुला ठाऊक आहे. खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, पाणी जाणार कुठं? मग सुतळी, मग मोरीकडं ढाळ, मग फरशी. काम संपलं की घरधनिणीकडनं तांब्याभर पाणी मागून घ्यायचे. ती बिचारी प्यायला म्हणून माठातलं आणायची, आणि हे ते खोलीच्या मध्ये ओतायचे. पाणी निघालं मोरीकडं की हे निघाले घराकडं. आणि एखादा ओघळ जरी मध्ये थांबला की ती फरशी परत उचलायची, मग दिवस मावळो का काही होवो. आपण दोघी मनात शिव्या घालायचो. आठवतं?

तर बाळाच्या नामकरणाचा दिवस. पाहुणे येणार, घर धुवायला नको? मनाली बाळाला घेऊन डॉक्टरकडं गेली होती, धम्मदीप केक आणायला. मी बाथरूम झाडलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी उभं. मी त्याच्याकडं बघते, ते माझ्याकडं बघतं. ढाळच नाही तर ते जाईल कुठं? थोडा वेळ विचार केला त्यानं, आणि दाराखालनं हॉलमध्ये निघालं. मी टॉवेल टाकले, चादरी टाकल्या, माझं नऊवारी टाकलं. तोवर बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची म्हातारी, माझ्याच वयाची, केस पांढरेधोप, हातात पातेलं. पातेल्यात तळाला पाणी. ती काहीतरी भराभरा बोलली, वर बोट, खाली बोट. आता मला सांग, शेजारीण सणाच्या दिवशी पातेलं घेऊन दारात उभी राहिली तर आपण काय समजणार? मी तिच्या हातातनं पातेलं घेतलं, पाणी ओतून टाकलं, धुतलं, पुसलं आणि काठोकाठ खीर भरून परत दिलं. वर सगळ्यांना घेऊन संध्याकाळी ये म्हणून खुणेनं सांगितलं. ती बराच वेळ खिरीकडं बघत उभी राहिली. मग गेली.

मनालीनं आल्यावर मला समजावलं की ते पाणी तिच्या छतातनं तिच्या गॅसवर गळत होतं आणि ती ते दाखवायला आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळी ती आली बरं का, पातेलं घासून, त्यात बाळासाठी विणलेले मोजे घालून! तिचं नाव मॉरीन. मला ते मोरीन असंच म्हणता यायचं. मी मनालीला म्हटलं, एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत एकच मोरी निघाली आणि ती पण माणूस.

सगळे हसले. मनाली पण हसली. पण तोवर हॉलची फरशी भाकरीसारखी फुगली होती, पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि पाहुणे गेल्यावर ती पोरगी त्या फुगवट्यावर बसून रडली. दोन महिन्यांची बाळंतीण, झोप नाही, त्यात हे. मला म्हणाली, "आजी, तू काही करू नकोस. तू फक्त बस." तुला म्हणून सांगते बजे, ते मला लागलं. मला कुणी कधी फक्त बस म्हणालं नव्हतं. पुढचे दोन महिने मी बाळाला मांडीवर घेऊन बसले. बाळ लई गोड आहे. मिस्त्रींसारखं खालचा ओठ काढून बघतं. चौथी पिढी मांडीवर खेळवली, मला आता कसलीही हौस राहिली नाही. बस म्हणाली ते एका अर्थी बरंच झालं.

आता परत आजच्यावर येते. प्रदीप टाइल्सचं कौतुक सांगत होता, रुक्साना "ये गुलाबी वाली अच्छी है" म्हणत होती, आणि मी उठून तांब्या भरून आणला आणि खोलीच्या मध्ये ओतला. प्रदीप ओरडला. नंदीश उडी मारून बाजूला झाला. पाणी मात्र कुणाकडं न बघता निघालं आणि सरळ मोरीत गेलं, मागं एक थेंब नाही. पन्नास वर्षं झाली! नंदीश खाली बसला, फरशीवरनं हात फिरवला. म्हणाला, "आजी, कुणी बसवली ही? लेव्हल लावून?" मी म्हटलं, "न्हाय बाबा, सुतळी न् नजर." त्याला दाखवलं, इमामसाबच्या वखारीत कोपरा उडालेल्या फरशा बाजूला पडायच्या, त्या मिस्त्रींनी एकेक निवडून आणल्या आणि उडालेला कोपरा भिंतीकडं फिरवून बसवला, म्हणून एक खोट दिसत नाही. दाराजवळची ती मोठी, जी तुझ्या अंगठ्यावर पडली होती, ती पण दाखवली. प्रदीप हिच्यावरच रांगायला शिकला, हे पण सांगितलं. गुडघे विचार म्हटलं त्याचे, सोलले का! नंदीश म्हणाला, माझ्या हातानं ही तोडायचं जिवावर येतंय, पण साहेबांनी सांगितलंय. साहेब म्हणजे आमचा प्रदीप. तो म्हणाला, "आई, जग कुटं चाललंय बघ जरा." मी म्हटलं, "बघून आले की. तितं पाणीबी कुटं जात न्हाय."

रुक्साना खो खो हसली. प्रदीप हसला नाही. टाइल्सची ऑर्डर गेली आहे म्हणाला. पोरगा वाईट नाही गं, लेकीसाठी जीव टाकतो, म्हणून तर मला नीट भांडता येत नाही. खरं सांगायचं तर तिकडं पाण्याला यायला वाट आहे, जायला नाही. आपल्याकडं जायला वाट आहे, पण पाणीच चार दिवसांनी येतं. दोन्ही एका घरात नांदताना मी काही बघितलं नाही. पण निम्मं तर आपलं चांगलं आहे, ते कशाला उखडायचं?

असो. हात दुखला. मुलाबाळांना आशीर्वाद, म्हशीला माझी आठवण सांग.

तुझी,
मुक्ती

ता. क. परदेशाला मी नावं ठेवली, पण नंदीशला सांगून आपल्याकडं तसला कमोड तेवढा बसवून घेणार आहे. माझे गुडघे तिकडं चार महिने लई सुखात होते. हे रुक्सानाला कळवलेलं नाही.

आणखी ता. क. नामकरणापर्यंत मी त्या घरात दोन महिने राहिले होते. मोरी नाही हे मला माहीत नसेल का? पण नवीन फरशी दिसली की ढाळ बघावासा वाटतोच. दोन महिने हात आवरला होता. मिस्त्री असते तर पहिल्याच दिवशी ओतलं असतं. बुद्धप्रिये, हे मनालीला कळवायचं नाही.

शेवटचं ता. क. बजे, आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. तू रविवारी दुपारच्या एसटीनं ये, अंथरूण घेऊन ये. मी एकटी फरशीवर आडवी झाले तर प्रदीप मला उचलून खाटेवर ठेवेल, माझं वजन राहिलेलं नाही. तुला उचलणं त्याच्या बापाला जमलं नसतं. डोळ्याला धूळ लागू नये म्हणून गॉगल घाल, आणि चहा झाला की दोघी खोलीच्या मधोमध पसरू. नंदीश आणि त्याची दोन माणसं घण घेऊन सोमवारी सकाळी नऊला येतो म्हणालेत.