अनुक्रमांक सत्त्याण्णव

३ मार्च

सही करणार नाही म्हणजे नाही!

जगातल्या पहिल्या शंभर संशोधन विद्यापीठांत यायचंय म्हणून आमच्याकडे खास कार्यालय उघडलंय. त्याच्या प्रमुखांना सगळे क्रमांकसाहेब म्हणतात — पाठीमागे अर्थात. गेल्या वर्षी नंबर लागला एकशे चार, तेव्हापासून साहेबांची झोप उडालीय. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून माहिती तपासून सही करायला मला बसवलं. विज्ञान शाखेच्या पूर्णवेळ शिक्षकांची यादी उघडली, तर अनुक्रमांक सत्त्याण्णव — मी!

मी आणि पूर्णवेळ? अकरा वर्षं तासांवर शिकवतेय. ना खोली, ना खुर्ची, ना दारावर पाटी. उत्तरपत्रिका जिन्यात बसून तपासते. खरे पूर्णवेळ चौसष्ट. माझ्यासारखे तासांवरचे एकाहत्तर, ते सगळे बिनदिक्कत यादीत घुसवलेत.

४ मार्च

साहेबांना विचारलं. "अहो मॅडम, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, याला गुण असतात. कागदावर तरी पूर्णवेळ झालात, आनंद माना!" वर हसले. म्हटलं, मग खरंच करा की. तर म्हणे, ते शाखेच्या सभेच्या हातात.

सभा! वर्षातून एकदा आमचा ठराव येतो — तासांवरच्यांना कायम करा. मत फक्त पूर्णवेळ शिक्षकांना. दरवर्षी दणकून आपटतो, आणि आम्ही दारात उभं राहून ऐकतो.

७ मार्च

"सही नाही, तर पुढच्या सत्रात तास नाहीत." साहेबांनी सरळ तोंडावर सुनावलं! तरी नाही केली.

८ मार्च

आईला सांगितलं. "अगं, एक सही तर करायची! तुझं काय जातंय?" नाव जातंय माझं, आई. रात्री भांडी आवरताना तीच म्हणाली, "जिन्यात बसून पेपर तपासतेस? बोलली नाहीस कधी." रडू आलं. रागाचंच.

१५ मार्च

माझ्या जागी साहेबांनीच सही ठोकली. डीनांचीही झाली. यादी विद्यापीठाच्या वेबसाइटवर झळकली — सत्त्याण्णव नंबरला मी, फोटोसकट! दाढीवाला भेटला. भौतिकशास्त्र शिकवतो, तोही तासांवरच. "अभिनंदन, प्राध्यापकबाई!" दोघं खो-खो हसलो. हसता हसता मी एकदम थांबले. सभेचे नियम कुठे मिळतील?

१६ मार्च

मिळाले. चार वेळा वाचले. मत कुणाला? — डीनांच्या सहीच्या यादीत जे पूर्णवेळ, त्यांना. बस्स!

दिवसभर फोन. काही जणांची पाचावर धारण बसली. "तास गेले तर?" म्हटलं, माझे तर गेल्यातच जमा आहेत. दारात उभं राहून तुमचे पाय दुखत नाहीत का?

२९ मार्च

आज दारात थांबलो नाही. एकाहत्तर जण आत जाऊन बसलो. क्रमांकसाहेब कडाडले, "तुम्हाला मत कसलं?" मी त्यांचीच यादी वाचायला घेतली, सह्यांसकट. म्हटलं, खोटी आहे असं सांगा, आत्ता इथे, सगळ्यांसमोर. साहेब डीनांकडे बघायला लागले. डीनांनी चिठ्ठ्या वाटायला सांगितल्या.

ठराव मंजूर. बहात्तर विरुद्ध त्रेसष्ट.

आम्ही तर एकाहत्तरच होतो!