जाऊबाईंचा डावा डोळा

४ फेब्रुवारी

मोठी ऑर्डर! लॉजवाला आता सगळा साबण आपल्याच कारखान्यातून घेणार. थोरल्या जाऊबाईंना म्हटलं, "ताई, उद्यापासून रोज दोन घाणे काढायचे." त्या मुकाट्याने हो म्हणाल्या.

लग्न होऊन आले तेव्हा जाऊबाईंच्या नुसत्या चाहुलीने मी हातातलं काम टाकून उभी राहायचे. आता मी सांगते, त्या ऐकतात. उद्योजकता वर्गातले सर म्हणतात ना — धंदा माणसाला घडवतो. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. बरं वाटलं!

९ फेब्रुवारी

एका संरक्षक चष्म्याचा पट्टा तुटला. उरलेला मी घालते. नवा आणायचाय.

११ फेब्रुवारी

पाठ मोडून आली. चष्मा राहिलाच.

१३ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी

लिहितेच. मी तेल ढवळत होते. चष्मा माझ्या डोळ्यांवर. जाऊबाई कॉस्टिक सोड्याचं पाणी घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अगं, चष्मा?"

"एवढंसं तर आहे, ताई. ओता पटकन, घाणा बिघडेल!"

ओतलं. उडालं.

नळाखाली त्यांचं डोकं धरलं होतं मी. ती किंकाळी अजून कानातून जात नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत जाऊबाईच म्हणाल्या, "माझाच धांदरटपणा."

मी गप्प राहिले.

१९ फेब्रुवारी

डावा डोळा गेला. दिसणार नाही, डॉक्टर म्हणाले.

भेटायला त्यांच्या घरी गेले तर मोठ्या दिरांनी दारातूनच परत पाठवलं. घरी हे म्हणतात, "वहिनी स्वतःच सांगतायत ना? मग तू कशाला अंगावर ओढून घेतेस?" ऐकून माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते ती त्याचीच.

२ मार्च

सरांचा फोन — "वर्गाच्या समारोपाला तुम्हीच बोला. घाबरट सून ते मालकीण! मुली शिकतील काहीतरी." नाही म्हणायचं होतं. हो म्हणून बसले.

८ मार्च

बोलले. सुरुवात पाठ केलेलीच. मग जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून आलं — "मी हुकूम सोडायला शिकले. माझ्या हुकमाने माझ्या जावेचा डोळा गेला. दवाखान्यात मी गप्प बसले."

सरांनी माझ्या हातातून माइक घेतला. "पाहिलंत? अडचणींतूनच माणूस मोठा होतो!"

टाळ्या पडल्या. टाळ्या!

घरी येऊन ओकले.

१२ मार्च

कारखाना उघडला आणि मागोमाग जाऊबाई आत आल्या. डोळ्यावर पट्टी. समारोपातलं माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या.

"रडू नकोस. डॉक्टरांपुढे खोटं बोलले ते काही तुझ्यासाठी नाही. कारखान्याला टाळं लागलं असतं, आणि मला परत त्या घरात दिवसभर ह्यांची बोलणी खात बसावं लागलं असतं."

मग माझी खुर्ची ओढून त्या बसल्या.

"आता निम्मा धंदा माझा. वकिलाकडे चल. तुझ्या शब्दावर नाही राहायची मी."