गार्गी, तुला काय वाटतंय?

२ नोव्हेंबर, रविवार

गार्गीने आज पुन्हा तेच केलं. अंजनेरीच्या पायथ्याशी सगळे बुटांच्या नाड्या बांधत होते. एक काका, पन्नाशीचे, सडसडीत, रोज गंगापूर धरणापर्यंत सायकल मारणारे. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी स्वतः पाहिलेलं. गार्गी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आज नका येऊ."

का? तर म्हणे, "माहीत नाही. पोटात कसंतरी झालं."

मी म्हटलं, हे काही कारण नाही. काका भडकले. त्यांचं बरोबरच होतं. मग स्मिता बोलली, "काका, आज खाली थांबा." संपला विषय. काका बसमध्ये बसून राहिले, आम्ही वर.

ट्रेकचा हा ग्रुप आम्ही दोघींनी काढला, स्मि. आणि मी. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. इतकी वर्षं कुठेही अडलं की ती वळून मलाच विचारायची, "अनघा, तुझं डोकं काय म्हणतंय?" मी वारा, उजेड, पाणी, कोण किती दमलंय, सगळं जुळवून सांगायचे. आता विचारते, "गार्गी, तुला काय वाटतंय?"

गार्गीला येऊन अजून वर्षसुद्धा नाही झालं.

९ नोव्हेंबर

तेच काका आज दुसऱ्या ग्रुपबरोबर अंजनेरी चढून आले! फोटोत दोन्ही हात वर, दात दिसतायत. फोटो लगेच स्मि.ला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. गरजच नव्हती.

संध्याकाळी तिचा फोन. "बघितला गं. बरं झालं बाई, सुखरूप आले."

एवढंच?

आणि गार्गीने ग्रुपवर टाळ्या, फुलं, "किती भारी काका!!" चुकल्याचं नाव नाही. चेहराही पडला नसणार. मी अशी चुकले असते तर आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नसतं. तिला चुकल्यावरही इतकं मोकळं राहता येतं, हे मला जास्त लागलं.

मकरंदला जेवताना सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाजी गार होतेय."

१६ नोव्हेंबर, रविवार

भास्करगड. उतरताना जंगलात वाट फुटली. मोबाइलवर माझ्याकडे आधीच्या ट्रेकची वाट होती, ती उजवीकडे जात होती. स्वच्छ दिसत होतं. मी स्मि.ला स्क्रीन दाखवली. गार्गी दोन्ही वाटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डावीकडे जाऊ या?"

स्मि. डावीकडे वळली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं का, माहीत नाही.

मी सगळ्यांत मागे राहिले. आणि चालताना एकच मनात येत होतं: चुकू दे. वाट बंद होऊ दे, काटे लागू देत, परत फिरायला लागू दे. अंधार पडला तरी चालेल. मागे पंधरावीस माणसं, त्यात एक बाई सत्तरीची. आणि मी हे असलं...

वाट सरळ निरगुडपाड्यात उतरली. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी नागली पाखडत होती. मी न राहवून विचारलं, ती उजवीकडची वाट कुठे जाते? म्हणाली, "दोन्ही वाटा हितंच येत्यात बाई. कंच्याबी या."

गार्गी खळखळून हसली. स्मि.ही. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. मी पाण्याची बाटली शोधत राहिले.

२० नोव्हेंबर

स्मि. घरी आली होती. कॉलेजचा ट्रेक साल्हेरला ठरतोय. मुली माझ्याच, अकरावीच्या, मी गणित शिकवते त्या. पुढे कोण राहणार? स्मि. म्हणाली, "मला हा ट्रेक गार्गीला द्यायचाय. पण तुझ्या मुली आहेत. शेवटचा शब्द तुझा."

गणितासारखं मांडून पाहिलं. गार्गीने गिर्यारोहणाचा कोर्स केलाय. प्रथमोपचार येतात. मुली तिचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. आवाज कधी चढत नाही. उत्तर एकच येतं: हो.

आणि आतून कुणीतरी ठाम सांगतंय: नको.

आता गंमत बघा. मी, जिने आयुष्यात "आतून" हा शब्द वापरला नाही. लग्नाला होकार देतानाही मकरंदला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला होता. गार्गीने "वाटतंय" म्हटलं की मी हसते, आणि मला पहिल्यांदा काही वाटलं तेही नेमकं तिच्याबद्दल. हे खरं वाटणं की नुसता जळफळाट? दोन्ही पोटातच होतं. एकाच जागी.

स्मि.ला म्हटलं, विचार करते.

२३ नोव्हेंबर, रविवार

स्मि.ला ताप. सराव म्हणून मी आणि गार्गी दोघीच रामशेजला. तिने डब्यात साबुदाण्याचे वडे आणले होते, माझ्यासाठी बिनमिरचीचे. माझं पित्त तिला कुणी सांगितलं? स्मि.नेच, दुसरं कोण. आमच्यातलं सगळंच आता तिच्याकडे जातं.

वरती बसलो. खाली दिंडोरीकडचे द्राक्षांचे मळे. मधेच म्हणाली, "ताई, एक सांगू? पहिल्या दिवशी तुम्हाला बघितलं तेव्हाच मला आतून वाटलं होतं, ह्या बाईंना मी नकोय."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. राहिले. पोटाचं सगळंच ऐकायचं नसतं, ताई."

आणि वडा पुढे केला. मी खाल्ला. चांगला होता.

उतरताना ती पुढे, मी मागे. पायऱ्यांवर लक्षात आलं. प्रत्येक पायरीला डावा पाय आधी खाली, मग उजवा त्याच्याशेजारी. लहान मुलं उतरतात तसं. डाव्या गुडघ्यावर भार देत नव्हती. चढताना असं काही नव्हतं, की मी बघितलं नाही?

मी विचारलं नाही. घरी आल्यापासून स्वतःला विचारतेय, का नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने काहीतरी साधं उत्तर दिलं असतं, आणि माझ्या हातातून ते गेलं असतं. आत्ता ते माझ्याकडे आहे. खरंखुरं कारण. साल्हेरची उतरण, मोडक्या पायऱ्या, मागे मुली, आणि पुढे दुखऱ्या गुडघ्याची बाई. कोणीही मान्य करेल.

इतका आनंद व्हायला नको होता.

२५ नोव्हेंबर

स्मि.ला सांगितलं. कॉलेज रोडला चहाला भेटलो. ताप उतरलाय, चेहरा बारीक झालाय. मी शांतपणे सांगितलं, पायऱ्या, डावा गुडघा, उतरण. ती कपातल्या चहाकडे बघत होती.

"तुला दिसलं, की तुला दिसायला हवं होतं?"

मी म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही म्हटलं मी."

चहाचे पैसे दोघींनी एकदम काढले, मग कोणीच देईना. शेवटी तिने दिले. स्कूटरला किक मारताना डोळे पुसले तिने, की धूळ होती. आता माझ्या दिसण्यावर माझाच भरवसा नाही.

२६ नोव्हेंबर

गार्गीचा फोन. मला वाटलं भांडेल. "ताई, मलाच विचारायचं ना! नवे बूट होते. टाच सोलली होती डावी." रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

टाच असेलही. टाच दुखली तरी माणूस असाच उतरेल. की नाही? मी आमच्या जिन्यावर उतरून पाहिलं, टाच उचलून, मग गुडघा न वाकवता. मकरंद दारात उभा. "काय चाललंय?" म्हटलं, काही नाही. दोन्ही सारखंच दिसतं का, असं विचारणार होते. नाही विचारलं.

नंतर स्मि.चा फोन. "उद्या सांग. हो किंवा नाही. फक्त कारण सांगू नकोस, अनघा. तुझी कारणं मला पाठ आहेत."

२७ नोव्हेंबर

"हो" म्हणाले. अट एकच, मीही येणार, सगळ्यांत मागे चालणार. गार्गीला म्हटलं, जुने बूट घाल, आणि जरा जरी दुखलं तर मला सांग. "सांगते," म्हणाली.

हो का म्हटलं? डोक्याने नाही. डोकं आत्ताही गुडघा गुडघा करतंय. पोटानेही नाही, ते नको म्हणत होतं. तोंडातून आलं. स्मि. फोनवर म्हणाली, "थँक्यू गं." तिच्या आवाजात जुनं काहीतरी होतं. त्यासाठीच म्हटलं असेन तर फार वाईट आहे. मुली आहेत त्या, माझं आणि स्मि.चं भांडण मिटवायला नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

वाघांबे. साल्हेरचा पायथा. पहाटे निघालो, सटाण्यानंतर मुलींची गाणी बंद झाली, सगळ्या झोपल्या. आता उठून थंडीत कुडकुडतायत. समोर किल्ला, माथा अजून ढगात. वाटाड्या बाबा म्हणतो, "वर वारा गंज शे, ताई." म्हणजे वर खूप वारा आहे, उतरताना जपायला हवं.

स्मि. मुली मोजतेय. मी बसच्या पायरीवर बसून हे लिहितेय. इथून सगळं पटांगण दिसतं. अजून वेळ गेलेली नाही. आत्ता उठून स्मि.ला म्हणू शकते, गार्गी मागे, मी पुढे. कारण न सांगता. ती ऐकेलही.

गार्गी टपरीवरून दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन इकडेच येतेय. एक माझा असणार. जुने बूट घातलेत. जमीन सगळी दगडाधोंड्यांची, उंचसखल, त्यात चहा सांडू नये म्हणून जपून पाऊल टाकतेय.

डावा पाय बघतेय मी तिचा. लंगडतेय असं वाटतं. मग वाटतं, नाही.