छाप शिवप्पाची

नांदेड,
बुधवार, १४ मे १९८६

दोस्ता शिवप्पा,

तुला शरणार्थ, अव्वाला नमस्कार, रुद्राणीवहिनीला जय भीम. मी इथं मावसभावाकडं मजेत हाय. मजेत म्हंजे, खालचा ओठ फुटलाय. काल बसस्टँडवरच्या क्यासेटवाल्यानं आपलं टँकरचं गाणं लावलं. मी म्हणलं, बंद कर. तो म्हणला, का बरं, लोकं मागून मागून ऐकून राहिले. मी त्याचा टेपच उचलून फरशीवर आपटला. मग त्यानं आन् त्याच्या भावानं धरून मला तुडवलं. खरं सांगू? बरं वाटलं.

वहिनीच्या अक्षरातलं तुझं पत्र भेटलं. सोमवारी पारावर मलप्पाअण्णाच्या पाया पडायचं, चुकलं म्हणायचं, न्हाई तर डावा हातबी मोडतो, असं त्याचा पुतण्या व्यंकट घरी येऊन सांगून गेला. आन् तू काय म्हणतोस, तर 'दोस्तानं दिलेली गाण्यातली छाप मी कुणाच्या पायावर घालणार न्हाई.' अरे येड्या! पाया पड आन् मोकळा हो. उजवा गेलाच हाय, डावा गेला तर पेटीचा भाता कोण मारील? आईला, अव्वाला घास कोण भरवील? तिला आधीच दिसंना. मोठेपणा कशाला करून राहिलास?

आठ वर्षं झाली आपल्या जोडीला. निलंग्याच्या लग्नात पहिलं गाणं म्हणलं तवा नवरदेवापेक्षा आपल्यालाच जास्ती फेटे बांधले. माहूरच्या यात्रेत रेणुकेचं गाणं वाजतं, ते जय भीमवाल्यानं लिवलंय हे कळल्यावर क्यासेटवाल्या कंपनीच्या माणसानं तोंडात बोट घातलं होतं. सगळ्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात छाप माझी. 'लिंबाजी म्हणे.' लिवणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, ही रीतच हाय. चाल बांधणाऱ्याचं नाव कोण घेतो? तू आठ वर्षांत एकदाबी त्याबद्दल बोलला न्हाईस.

आन् मग हे गाणं.

जिल्हा नवा, पाटी नवी, नवा कलेक्टर आला गं
घागर माझी कोरडीच, उभा टँकर ऊस प्याला गं

कुणाचा ऊस, तर मलप्पाअण्णाचा, ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाबी कळत होतं. शेवटी मी लिवलं, 'शिवप्पा म्हणे उघड उघड, भीत न्हाई तुझ्या बापाला गं.' कागद तुझ्या हातात देत म्हणलं, ही छाप तुझी, दोस्तीखातर. तुझे डोळे भरले. तू अव्वाला चारदा वाचून दाखवलंस.

आता वाडीच्या जत्रेत तू ते गाणं म्हणलंस, त्या दिवसाचं. मी तुला कळवलं होतं, की त्या दिवशी मी रेकॉर्डिंगला नांदेडला होतो. खोटं हाय. मी तिथंच होतो, रसवंतीच्या मागं. व्यंकटनं तुला केसाला धरून स्टेजवरून ओढला तवा मी पाहिलं. टँकरपर्यंत फरफटत नेलं. चौघांनी तुझा हात बंपरवर दाबून धरला आन् व्यंकटनं विचारलं, 'कुणी लिवलं?' तू म्हणलास, 'छाप ऐकली न्हाई का?' त्यानं टँकरची लोखंडी टॉमी हाणली. तुऱ्हाट्या मोडाव्या तशी बोटं वाजली. परत विचारलं. तू परत तेच म्हणलास. त्यानं परत हाणली. तुझ्या तोंडातून रक्त आलं, तू जीभ चावली होतीस. माझं नाव तुझ्या तोंडातून निघालं न्हाई. मी रसवंतीचं पत्र्याचं कुंपण धरून उभा होतो, तळहात कापला तरी सोडलं न्हाई. मग मिळेल त्या बसनं नांदेडला आलो.

अजून खरी गोष्ट लिवलीच न्हाई. लिवतो.

छाप दोस्तीखातर न्हाई दिली. भ्यालो म्हणून दिली. माझं नाव ऐकलं तर आमच्या वस्तीत शिरून घरं पेटवतील, मला उभा चिरतील, हे मला माहीत होतं. तू त्यांच्यातला, गळ्यात लिंग, त्यांच्याच गुरूचा शिष्य, एकाच पंगतीला बसणारा. तुझ्या अंगाला हात लावायची कुणाची छाती होणार न्हाई, असा मी हिशोब केला. हिशोब चुकला. आपला असून 'जय भीमवाल्या'संगं गातो, याचाच त्यांना जास्ती राग होता.

तवा ज्या छापीसाठी तू हात द्यायला निघालास, ती भीतीची हाय. तिला मान नको देऊ. सोमवारी सांग, गाणं लिंबाजीचं. मी सकाळच्या बसनं येतोय, पारावर पुढं होतो. शूर झालो असं न्हाई. पण लिवणारा हात हाच हाय, तो त्यांना दाखवतो.

तुझा म्हणायचा हक्क गेला, म्हणून नुसताच,
लिंबाजी


वाडी,
रविवार, १८ मे

लिंबाजी,

शरणार्थ. पत्र रुद्राणी लिवतीय, बोलतोय मी. शुक्रवारी तुझं पत्र आलं.

कागद देताना तू माझ्या डोळ्यात बघत नव्हतास, भ्यालास, ते मी तवाच ओळखलं होतं. मलाबी वाटलं होतं, आपलीच माणसं हायत, माझ्या अंगाला हात लावणार न्हाईत. म्हणून घेतली छाप. डोळे भरले ते खरंच भरले. आठ वर्षं वाट पाहिली होती रे, कारण काही का असंना.

छापीचं मला दुःख न्हाई. उदगीरच्या दवाखान्यात तीन दिवस मी दाराकडं बघत होतो. तू रेकॉर्डिंगला गेलास म्हणून रुद्राणीला समजावत होतो.

तू येशील म्हणून सोमवारची वाट बघितली न्हाई, आजच पारावर जाऊन आलो. मलप्पाअण्णाच्या पायावर डोकं ठेवलं तवा व्यंकटनं मानेवर बूट दिला, दात हलला. म्हणलं, गाणं माझं न्हाई, लिंबाजीचं. तुझं नाव घेतलं. तू आता कुठं लपलास विचारलं, लई विचारलं, पोटात लाथा घालून विचारलं. ते सांगितलं न्हाई.

तू उद्या येऊ नको. म्हणून हे पत्र आजच्याच बसच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. वाडीला येऊ नको, उदगीरला न्हाई, माझ्या घरीबी न्हाई. कधीच न्हाई. गाणी लिव, दुसऱ्याकडून चाल बांधून घे.

खालची सही डाव्या हातानं केलीय, वाकडी हाय, पण माझीच हाय.

शिवप्पा