कोरडं चेंबर

१४ फेब्रुवारी १९९९, रविवार

सात थेंब! रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, सकाळी मोजले. इंजिनाखालच्या चेंबरमधून, जिथं सगळं ऑइल साठतं, तिथूनच गळती. चेंबर रॉकेलनं पुसलं, वाळू दिलं, सरूच्या डब्यातली पावडर मारली, इंजिन दहा मिनिटं चालवलं. पुढं डाव्या कोपऱ्यात पावडर भिजली. म्हणजे चेंबरच्या जोडातलं पॅकिंग गेलं. निदान पक्कं.

सरू म्हणाली, "माझी पावडर संपवलीसा! त्यापरास भावजींस्नी दाखवा की."

मी परत गाडीखाली शिरलो.

१५ फेब्रुवारी

संघप्रियेच्या नेमणुकीचं पत्र आलं! रत्नागिरीला, सरकारी दवाखान्यात, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. १ मार्चला कार्यालयीन वेळेत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग सरूला मोठ्यानं वाचून दाखवलं.

मी जाहीर केलं — आपल्या गाडीतून जायचं. पोरगी म्हणते, "बाबा, पहाटेची एसटी हाय की. कशाला त्रास?"

त्रास! मी शिपाई म्हणून लागलो. रात्री अभ्यास करून बाहेरून बी.ए. झालो. आज वरिष्ठ लिपिक आहे, दाराशी फियाट आहे — जुनी असेल, पण आमच्या गल्लीतली पहिली. आणि माझ्या मुलीनं पहिल्या दिवशी लोंबकळत जायचं? जमणार नाही.

१७ फेब्रुवारी

नऊ थेंब.

२० फेब्रुवारी, शनिवार

पॅकिंग आणायला शाहूपुरीत गेलो. दुकानदार म्हणाला, "पावणं, शेजारीच जयसिंगचं गॅरेज हाय. तासाभराचं काम." त्याला काय माहीत जयसिंग माझा धाकटा भाऊ! म्हटलं, मला फक्त पॅकिंग द्या.

सहा वर्षं झाली बोलणं बंद होऊन. विहारात, सगळ्या भावकीसमोर मी त्याला म्हणालो होतो — शिकायचं सोडून ग्रीसमध्ये हात घातलास, घराचं नाव घालवलंस. तो एवढंच म्हणाला, "बरं, दादा." शब्द कडक होते. पण खोटे होते का? रोज ऑफिसला जाताना त्याच्या दारावरून जातो. काच वर असते. मान वळवत नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सार्थकी. फियाटचं इंग्रजी पुस्तक जुन्या बाजारात मिळालं होतं, ते शब्दकोश घेऊन चार महिन्यांत वाचलेलं. त्याबरहुकूम सगळं. ऑइल काढलं. अठरा बोल्ट, प्रत्येकाची जागा पुठ्ठ्यावर आखून तिथंच खोचला. जुनं पॅकिंग खरवडलं — दोन तास नुसते त्यालाच. नवं पॅकिंग कॉर्कचं. पुस्तकात सांधा बुजवायच्या पेस्टचा पातळ हात द्या म्हटलंय. मी दोन्ही बाजूंनी भरपूर दिली. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचे रस्ते पाहिलेले नाहीत. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळले. फटीतून पेस्टची सारखी रेघ बाहेर आली. देखणं काम!

२२ फेब्रुवारी

शून्य. वर्तमानपत्र कोरं करकरीत. सरूला नेऊन दाखवलं. म्हणाली, "बरं झालं. आता अंघोळ करा."

२४ फेब्रुवारी, बुधवार

ऑइलचा लाल दिवा लागला. तीन वेळा. काडी घालून पातळी बघितली — बरोबर वरच्या खुणेशी. खाली थेंब नाही. मग ऑइल जाणार कुठं? चेंबर खोलताना दिव्याची वायर घासली असणार. वायर काढून ठेवली. दिवा बंद.

२८ फेब्रुवारी, रविवार

उद्या सहाला निघायचं. गाडी धुतली. पाणी, हवा, स्टेपनी — सगळं तपासलं. इंजिनाच्या माथ्यातले टॅपेट थोडे वाजतात. सकाळच्या गारव्यानं असेल. सरू म्हणते, "भांडी आपटल्यागत काय वाजायलंय वो?" तिला काय सांगायचं टॅपेट म्हणजे काय!

संघप्रिया हळूच म्हणाली, "बाबा, अजून एसटी..." मी नुसतं बघितलं तिच्याकडं.

२ मार्च, मंगळवार

काल लिहिण्याची ताकद नव्हती.

मलकापूर सोडलं, तीन किलोमीटर गेलो. आधी आवाज वाढला, मग आतून ठोके, मग एक कचका. इंजिन जाम. हँडल घातलं, तसूभर फिरेना. पोरगी बॅग घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली, मनगटावरच्या घड्याळाकडं माझी नजर चुकवून बघत होती. दोन एसट्या खचाखच भरून गेल्या. मी रस्त्यात उभा राहून हात केले. आयुष्यात कुणापुढं असे हात केले नव्हते.

पाऊण तासानं मागून एक जीप आली. जयसिंग! अंगात बनियन, पायात बायकोच्या चपला.

"माझ्या दारच्या चौकात थांबलास तवाच टॅपेट कोरडं वाजत हुतं, दादा. बोंबललो की! काच वर तुझी." मग म्हणाला, "जीपचं चाक खोललं हुतं, न्हाय तर हितवर येऊच दिलं नसतं तुला."

संघप्रियेची बॅग त्यानंच उचलली. "चल गं, साहेबीणबाई. दादा, तू गाडीपाशी बस. येताना वढून न्हेतो."

बसलो. आठ तास. ती पोचली का नाही, काही कळायला मार्ग नाही. चारला जीप परत आली तेव्हा उठून विचारायचंही धाडस होईना. तोच लांबून ओरडला, "झाली हजर! बारालाच!"

मी रुमालात तोंड घातलं.

४ मार्च

जयसिंगच्या गॅरेजमध्ये प्रथमच पाऊल टाकलं. माझ्यासमोर त्यानं चेंबर उतरवलं. ऑइल ओढून घेणारी जाळी असते, ती माझ्या हातात दिली. पूर्ण बुजलेली. पेस्ट! जेवढी बाहेर आली होती, तेवढीच आत सुटली होती. माझी देखणी रेघ. वर ऑइल चढेना, म्हणून दिवा लागत होता. दिवा खरं सांगत होता. मी त्याची वायर काढली.

म्हटलं, "बोल आता काय बोलायचं ते. सगळ्यांसमोर बोल."

जाळी परत घेत म्हणाला, "बोल्ट मातूर झ्याक आवळल्यास, दादा. माझ्या पोरांस्नी असं जमत न्हाय."

त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

५ मार्च, शुक्रवार

जयसिंग बेअरिंग आणायला गेला होता. त्याचा जुना कामगार केरबा चहा देता देता बोलून गेला. रोज दहाला वीस कमी असताना मालक सगळ्यांचे हातोडे थांबवतात. म्हणतात, "दादाची गाडी जाऊ द्या आधी. इंजिन ऐकू द्या."

मी गाडी घेतली तेव्हापासून.