कमानीच्या बागेतलं कारंजं अखेर उडालं

तीर्थस्वरूप भागवतदाजींना नगरहून मच्छिंद्रचा दंडवत. आक्काचा गुडघा आता कसा आहे? ऊस तुटून गेला का? इकडे सर्व ठीक, किंबहुना ठीकच्या बरंच वर.

कमानीच्या बागेतलं ते बिडाचं कारंजं तुम्ही पाहिलेलं आहे. खाली चार मगरी (पुष्कळ लोक सुसरी म्हणतात, ते चूक), वर कमळ. गेली सत्तावीस वर्षं कोरडं. बागेच्या कमिटीने ठरवलं, सोमवारी ते तोडायचं आणि फोटो काढायला तिथं सिमेंटचं हृदय बसवायचं. मी भर बैठकीत उठून म्हणालो, रविवारपर्यंत पाणी उडवून दाखवतो. कमिटीतले रिटायर इंजिनिअर बिभीषणराव हसले. "मच्छिंद्रशेठ, तुम्ही जळालेल्या मोटरांचं वायंडिंग भरता, तेच भरा. शंभर वर्षांपूर्वीचं काम आहे हे, कॉलेजात शिकावं लागतं." (एकशे अकरा. साल तळाशी कोरलेलं आहे, पण ते वाचायला पालथं पडावं लागतं. कॉलेजात ते शिकवत नसावेत.)

पाच दिवस माझा हात मगरींच्या घशात होता. निघालं काय, तर गोट्या, अर्धी कवळी आणि एक जिवंत बेडूक. हौद धुऊन मोटर बसवली आणि शनिवारी पाणी सोडलं. तीन मगरी गप्प. चौथीने सगळा गाळ बिभीषणरावांच्या सफारीवर ओकला. तेवढ्यात बाग झाडणाऱ्या रंगुबाई खराटा टेकून म्हणाल्या, "आवो, मगरीत काय बघताय? कमळाखाली चावी हाय. माजा बाप रोज फिरवायचा." चावी गंजलेली, मोठ्या पान्याने, दोन्ही पाय कमळाला लावून फिरवली.

रविवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी पाणी तेरा फूट दोन इंच उडालं. बांबूवर खुणा करून मीच मोजलं. टाळ्या थांबेनात. बिभीषणरावांनी चष्मा पुसून हात जोडले आणि तोडायचा ठराव स्वतःच्या हाताने फाडला. रंगुबाई तेवढ्या म्हणाल्या, "पयलं याच्याहून लई उंच उडायचं." पण त्यांच्याकडे माप नाही.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. तुम्ही भरायला टाकलेली पाच हॉर्सपॉवरची मोटर तयार आहे. फोन उचलला नाही, कारण कारंज्याजवळ ऐकू येत नाही. मोटर उत्तम चालते, हे अख्ख्या नगरने पाहिलं.

ता. क. दुसरा. कमिटी नवी मोटर घेईपर्यंत ती तिथंच राहू द्यावी, ही विनंती. कांद्याला पाणी तूर्त शेजाऱ्याचं घ्या. आक्का हो म्हणाली आहे. देणगीदार म्हणून तुमचं नाव पाऊण इंची अक्षरांत कोरून झालं आहे आणि पाटी दगडाची असल्याने आता काही करता येत नाही.