टाकीतली वाळू धुऊ नये

मी, हैबती मालोजी सकपाळ, वय वर्षे अडुसष्ट, राहणार दासगाव, तालुका महाड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा मुंबईला पोटाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही. मन मात्र थाऱ्यावर नाही. दर दोन ओळींमागे उठून टाकीतले बुडबुडे चालू आहेत ना, ते पाहून येतो. अक्षर तिरके गेले असेल तर त्याचे कारण एवढेच.

कलम १. दासगावचे घर मुलगा सहदेव याला. तो मुंबईला असो की गावी, सून ठकूबाई हिला या घरात हयातभर राहण्याचा हक्क आहे. पोलादपूरच्या वरची वरकस, नाचणीपुरती जमीन सहदेव आणि माझा धाकटा भाऊ मुरारी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. बांधावरच्या आंब्यावरून भांडू नये, त्याला आंबे लागत नाहीत.

कलम २. पाने, पकडी आणि करवत सहदेवला. मुंबईच्या मत्स्यालयात पंपांवर आठ वर्षे काढली ती याच हत्यारांवर. गंजू देऊ नयेत.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. अडीच फुटी काचेची टाकी, समुद्राच्या पाण्यासह. आत जिवंत प्रवाळाचे दोन दगड, एक समुद्रफूल आणि दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे. हे पाणी गाळायचे कसे, यावरून या घरात तीन वर्षे धुसफूस आहे. सहदेवने कोळसा आणि कापूस भरायची पेटी व विजेचा पंप आणला. "बाबा, बटन दाबला की काम खलास!" गावात विजेचे खांब येऊन वर्ष झाले, तार अजून यायची आहे. पंप खोक्यातच आहे. माझी रीत अशी: तळाच्या वाळूखाली भोकांची नळी. तिच्या उभ्या टोकातून हवा वर चढते, तिच्यामागे पाणी वाळूतून खाली ओढले जाते आणि घाण वाळूतच जिरते. हवा लॉरीच्या जुन्या ट्यूबमधून येते, ती सायकलच्या पंपाने सकाळ-संध्याकाळ भरायची. मी पुष्कळ उलटसुलट विचार केला. काल रात्री कोळसा लिहिला, आज सकाळी खोडला. निकाल वाळूचाच.

कलम ४. खारेपणा मोजायची काचेची नळी मुरारीला. समुद्राचे पाणी आणायला हरिहरेश्वरला धाडले, तर भर आषाढात इथल्याच खाडीत बुधले बुडवून आला. "खाडीचा पाणी खाराच असतो रे दादा!" पुरात सावित्री नदी खाडीपर्यंत गोडी होते हे काठावर जन्मून याला ठाऊक नाही. आता मोजत बसावे.

कलम ५. हे कलम लिहायला सकाळपासून तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो.

तीन वर्षांपूर्वी शिमग्याला पालखी आमच्या अंगणात यायची होती. घर सारवून झाले. टाकीतली वाळू तेवढी तपकिरी, घाणेरडी दिसत होती. देवापुढे कशाला, म्हणून ती मीच उपसली, उकळत्या पाण्याने धुतली आणि उन्हात पांढरीशुभ्र वाळवली. चार दिवसांत पाणी नासले, सगळे मासे मेले. नेमकी त्या दिवशी पालखी आली. खांदेकऱ्यांदेखत मी ठकूबाईवर ओरडलो, की हिने हळदीचा हात टाकीत घातला. "मामंजी, मी हात नाय लावला," एवढेच ती म्हणाली.

आठवड्याने तिने एक मडके पुढे ठेवले. मी वाळू धूत होतो तेव्हा प्रवाळाचे दगड तिने खाऱ्या पाण्यासकट त्यात ठेवले होते. त्यांच्याखाली जुनी तपकिरी वाळू मूठभर उरली होती. ती तिने नव्या वाळूत मिसळली. "विरजणाचा भांडा कुणी उकळून घेतो का, मामंजी?" त्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, तेच पाणी राखतात. मत्स्यालयातले साहेब हे सांगत, तेव्हा मी पंपाला तेल घालत असे.

चूक मला त्याच दिवशी कळली. बोललो नाही. आज तिसरे वर्ष, आणि मला त्याची लाज वाटते.

म्हणून टाकी, ट्यूब, वाळू सगळे ठकूबाईचे. सहदेवने हात लावायचा नाही. माझ्यामागे पालखी अंगणात येईल तेव्हा सर्वांदेखत वाचावे: मासे ठकूबाईने मारले नाहीत, मी मारले.

येथवर साक्षीदार कुशाबा आणि महिपती यांना वाचून दाखवले. दोघेही त्या दिवशी पालखीचे खांदेकरी होते. कुशाबा म्हणाला, "मेल्यावर कशाला रे हैबती? ती बघ, पडवीतच हाय."

तेव्हा तिला हाक मारली आणि दोघांदेखत तोंडाने सांगितले. ती सायकलचा पंप हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "म्हाईत हाय, मामंजी. जरा सरका, ट्यूब सैल झालीय."

मी सरकलो. तिने ट्यूब भरली. कलम ५ तरीही पालखीपुढे वाचावेच, आणि मी परत आलो तर मीच वाचीन.

दासगाव, ता. ९ फेब्रुवारी १९६५
सही: हैबती मालोजी सकपाळ

आमच्यासमोर सही केली, आणि बोललाही आमच्यासमोरच:
१. कुशाबा राघोजी मोरे
२. महिपती चांगू जाधव (अंगठा)